जखमेचा कितवा दिवस?

प्रिय,

डिशमधल्या फायब्रोब्लास्टमध्ये, म्हणजे त्वचेचं जाळं विणणाऱ्या पेशींमध्ये, टीजीएफ-बीटा हे जखम भरायचा इशारा देणारं प्रथिन न घालताच अल्फा-स्मूथ मसल ॲक्टिन हे स्नायूसारखं आकसवणारं प्रथिन चढलंय, आणि उंदराच्या तिसऱ्या दिवसाच्या जखमेत ते दिसतच नाही. यातलं खरं कुठलं, असं तू विचारलंयस. अगं, दोन्ही खरं. तुझ्या तक्त्यात दोन रकाने कोरे आहेत : कितवा दिवस आणि कुठली जागा. ते भरल्याशिवाय जनुकांची यादी माझ्याकडे पाठवू नकोस.

डिशमध्ये तू दहा टक्के सिरम घातलंस. सिरम म्हणजे रक्त गोठल्यावर उरलेला द्रव. प्लेटलेट्सनी सोडलेले पीडीजीएफ (पेशींना वाढवणारं प्रथिन) आणि टीजीएफ-बीटा त्यात आलेच. धडधाकट त्वचेत फायब्रोब्लास्टची याच्याशी गाठ पडते ती कापल्यावर. 1999 साली उपाशी ठेवलेल्या मानवी फायब्रोब्लास्टना सिरम देऊन सुमारे 8,600 जनुकं तपासली गेली, तेव्हा विभाजनाच्या जनुकांसोबत जखम भरण्याच्या जनुकांचा अख्खा जथाच हलला होता. त्यात खाली प्लास्टिक, त्वचेपेक्षा हजारो पटींनी टणक. पेशी त्याला धरून ताणते, आणि त्याच ताणाने भोवतीच्या जाळ्यात अडकलेला टीजीएफ-बीटा मोकळा होतो. तुझा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेली साधी डिश, आधीच जखमेत जगतोय!

आता उंदीर. तिसऱ्या दिवशी तिथे दाह जोरात असतो. फायब्रोब्लास्ट अजून कडेने आत सरकतायत, वाढतायत, फायब्रिनची (गोठलेल्या रक्तातल्या धाग्यांची) गुठळी पोखरत वाट काढतायत. मग त्यांच्या जाळ्यात येतं फायब्रोनेक्टिन आणि तिसऱ्या प्रकारचं कोलॅजन, पुढे पहिल्या प्रकारचं. 1971 साली गॅबियानी आणि सहकाऱ्यांनी दाखवलेली, स्नायूसारखे तंतू असलेली पेशी (मायोफायब्रोब्लास्ट, जिच्यात तू शोधतेयस ते ॲक्टिन भरतं) यायला टीजीएफ-बीटा, फायब्रोनेक्टिनचा ईडी-ए हा प्रकार आणि ताण, तिन्ही लागतात. ती दिसू लागते साधारण पहिला आठवडा सरताना, आणि जखम मिटल्यावर त्यातल्या बहुतेक पेशी मरतात. तू त्यांना त्या यायच्या आत शोधत होतीस.

जागाही तितकीच महत्त्वाची. जाळं विणायला पहिल्यांदा धावतात त्या त्वचेच्या खालच्या थरातल्या पेशी. वरच्या थरातल्या मागाहून येतात. कडेचा तुकडा आणि मधला तुकडा एकाच नळीत घातलास तर सरासरी मिळेल, उत्तर मिळणार नाही.

मला एकदा जुन्या नमुन्यांची मोठी पेटी मिळाली होती. उत्तम गोठवलेल्या कुप्या, लेबलवर एकच शब्द : जखम. दिवस नाही, जागा नाही. सगळ्या टाकून दिल्या. ती हळहळ अजून जात नाही. तेव्हापासून दिवस आणि जागा नसेल तर मी शोधनिबंधावर नाव घालू देत नाही. त्यापायी चांगली माणसं दुरावली, हट्टी म्हणून गेली. म्हणोत. त्यांच्यापैकी कुणी मला त्या कुप्या वाचून दाखवल्या नाहीत.

तर पेशींखाली प्लास्टिकऐवजी मऊ हायड्रोजेल (पाणी धरणारं जेल) घे, सिरम कमी कर, पॅसेज (पेशी एका डिशमधून दुसरीत हलवण्याच्या फेऱ्या) कमी ठेव. जखमेचे नमुने तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, दहाव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी. उंदराची त्वचा आकसून जखम मिटवते, म्हणून कडेला स्प्लिंट (त्वचा आकसू न देणारी कडी) शिवून घे. प्रत्येक नमुन्याचा शेजारचा काप रंगवून ठेव, म्हणजे ॲक्टिन रक्तवाहिनीच्या भिंतीतलं की फायब्रोब्लास्टमधलं ते डोळ्यांनी दिसेल. आणि लेबल कुपीवर लिही, झाकणावर नको. झाकणं बदलली जातात.

दहाव्या दिवसाचे काप झाले की पाठव, रात्री उशीर झाला तरी चालेल.

तुझा,
सर