पार्सल परत आलं तर नफा कुठं गेला? (वाचकांचे प्रश्न)

ह्या महिन्यात पत्रं भरपूर आली, त्यातली निम्मी एकाच गोष्टीची, घरून ऑनलाइन विकायचं कसं. पहिलं पत्र मी जवळपास जसंच्या तसं देऊन राहिले कारण त्यात आकडे आहेत, बाकीचे लोक आकडे सांगतच नाहीत.

प्रश्न : ताई नमस्कार. मी समुद्रपूर तालुक्यातली, आमची घरची हळद हाये. मागच्या वर्षीपासून व्हॉट्सॲप न् इन्स्टावर हळद, तिखट, कुरडया विकून राहिली. अर्धा किलो हळदीचं पाकीट 250 रुपये, कुरिअर फ्री, पैसे घरी माल आल्यावर. गेल्या महिन्यात 20 पार्सल पाठोले, 4 परत आले. हातात काहीच उरत नाही, मालक म्हणते तुह्या धंद्यापेक्षा माह्या गाडीचं पेट्रोल जास्त जाते. हिंगणघाटचा एक पोट्टा म्हणते काकू वेबसाइट काढा, 25 हजारात करून देतो, धंदा वाढन. काढू का? दुसरं, कुरडयाचं एक किलोचं पार्सल पाठोलं तर कुरिअरवाल्यानं पाच किलोचे पैसे घेतले, हे काय व्हय? आणि पाकिटावर "वायगाव हळद" छापलं तर चालते का?

उत्तर : ताई, त्या पोराला म्हणा थांब जरा. 25 हजार आत्ता वेबसाइटमध्ये घालू नका. तुमचं दुकान वेबसाइटवर नाही चालत, ते चालते त्या खोक्यात, जे तुम्ही टेप मारून मालकाच्या गाडीवर ठेवता. ते खोकं तोट्यात जाऊन राहिलं असेल तर वेबसाइटनं तोटाच वाढेल, फक्त फास्ट.

हिशोब करू. तुम्ही चिठ्ठीसोबत दिलेल्या खर्चाच्या यादीनं, अर्धा किलो हळद घरची असली तरी बाजारभावानं धरायची, 110 रुपये. दळणाचे 15, झिपचं पाकीट 8, स्टिकर 3, खोकं आणि टेप 18, कुरिअर 70. झाले 224. म्हणजे विकलं गेलं तर पाकिटामागं 26 रुपये, आणि त्यात तुमची मजुरी नाही, पेट्रोल नाही, कॅश ऑन डिलिव्हरीचा वेगळा चार्ज नाही. आता परत आलेलं पार्सल पाहा. जायचे 70 गेले, यायचे 70 गेले, खोकं फाटलं त्याचे 18, एकूण 158. हळद वापस मिळाली, पण 158 रुपये पाण्यात. 16 पार्सलांचे 416 रुपये मिळाले, 4 परतीचे 632 गेले. महिनाभर मरमर करून 216 रुपये तुम्हीच घरातून टाकले. मालक बोलते ते चुकीचं नाही ना बाप्पा.

मग करायचं काय. पहिलं, "कुरिअर फ्री" बंद. कुरिअरचे पैसे आधी यूपीआयवर घ्या, मालाचे घरी आल्यावर दिले तरी चालेल. ज्यानं 70 रुपये आधी टाकले तो माणूस दारात आलेलं पार्सल सहसा वापस करत नाही. आणि जो म्हणते "आधी पैसे कायले देऊ", त्याला सोडून द्या, खरंच सोडून द्या, ऑर्डर कमी होईल पण रडणं पण कमी होईल.

दुसरं, पार्सल निघायच्या आधी एक फोन. परत येणाऱ्या पार्सलांमध्ये मी पाहिलेलं एकच कारण वारंवार असते, पत्ता. लोक लिहितात "राम मंदिराच्या मागं, पुणे". पुण्यात राम मंदिरं किती! पिनकोड, बिल्डिंगचं नाव, आणि दुसरा एक मोबाइल नंबर घेतल्याशिवाय खोकं बंद करायचंच नाही. ग्राहकाला हेही सांगून ठेवायचं की अनोळखी नंबरवरून डिलिव्हरीवाल्याचा फोन येईल, उचला. बरेच लोक उचलतच नाहीत, मग तो "ग्राहक उपलब्ध नाही" टाकून मोकळा.

तिसरं, रोज हिंगणघाटला चक्कर नको. मंगळवार आणि शुक्रवार असे दोन दिवस ठरवा, स्टेटसवर तसं लिहून टाका, आणि मालक बी-बियाण्याला नाहीतर बाजाराला जाईल त्याच दिवशी पार्सलं जातील. तुमच्या पिनकोडवरून कुरिअरवाला माल उचलत नसेल तर गावच्या पोस्टातही विचारा. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच मिळवलं आहे, त्यामुळं आता तिथं जाऊन वेगळं रजिस्टर पोस्ट मागत बसू नका.

आता कुरडया. कुरिअरवाल्यानं तुम्हाला फसवलं नाही, त्याचा नियम तसा आहे. तो वजनही पाहते आणि जागाही पाहते, जे जास्त निघेल त्याचे पैसे. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजायची, तिन्हीचा गुणाकार करायचा आणि त्याला 5000 नं भागायचं, बहुतेक कुरिअरवाले असंच करतात. तुमचं कुरडयांचं खोकं समजा 40 बाय 30 बाय 20 असेल तर 24000, भागिले 5000, म्हणजे 4.8 किलो. त्यानं पाच किलो लावले. कुरडई म्हणजे हवाच ना जास्त. तीच हळद 20 बाय 15 बाय 8 च्या खोक्यात बसवली तर जागेच्या हिशोबानं 0.48 किलो, हळदीच्या खऱ्या वजनापेक्षाही कमी. म्हणून कुरिअरनं हळद आणि तिखट पाठवा. कुरडया, सरगुंडे, मुंगवड्या हे पुण्याला जाणाऱ्या माणसासोबत नाहीतर ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत, जसं आपण पोरांच्या हॉस्टेलला फराळाचा डबा पाठवतो तसं. मी स्वतः पहिल्या वर्षी मुंगवड्या पातळ खोक्यातून नाशिकला पाठवल्या होत्या, तिकडून फोटो आला तर मुंगवड्यांचं पीठ झालेलं, बाईनं वर लिहिलं होतं, "थालीपीठ करू का?" पैसे वापस केले अन् गप्प बसले.

वायगाव हळदीचं. ह्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आपल्या भिवापूर मिरचीसारखंच. म्हणजे हे नाव कोणीही कुठल्याही हळदीवर छापू शकत नाही. तुमचं शेत त्या भागात असेल आणि बियाणं तेच असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवा, आणि मग ताठ मानेनं छापा. पण घरची संपली म्हणून बाजारातून आणलेली हळद त्याच पाकिटात भरली तर ते नाव तुम्हीच बुडवलं. नोंदणी होईपर्यंत "आमच्या शेतातली हळद" लिहा, खोटं काहीच नाही त्यात.

फोटोबद्दल तुम्ही विचारलं नाही तरी सांगते, तुमच्या इन्स्टावरचे फोटो ट्यूबलाइटखाली काढलेले दिसून राहिले, हळद रंग टाकल्यासारखी दिसते, लोकांना वाटते भेसळ असेल. सकाळच्या सावलीत काढा. आणि हळद उकळायच्या दिवशी कढईजवळ मोबाइल धरा, वाफ, तो वास नाही येणार पण वाफ तर दिसेल, मग अंगणात वाळत टाकलेली, मग पॉलिश झालेली. सेलचे दहा पोस्टर टाकून जे होत नाही ते ह्या एका व्हिडिओनं होते.

वेबसाइट? सहा महिने पार्सल परत न येता चाललं तर पुन्हा लिहा मला, तेव्हा बोलू.

प्रश्न : आम्ही बचत गटाच्या बाया घरीच मसाले करतो. दुकान नाही, कारखाना नाही. तरी फूड लायसन पाहिजेच का?

उत्तर : पाहिजे. घरी केलं तरी विकलं की तो खाद्यव्यवसाय होते. छोट्यांसाठी लायसन नाही, साधी नोंदणी असते, एफएसएसएआयच्या (म्हणजे अन्नसुरक्षेचं सरकारी खातं) फॉसकॉस पोर्टलवर ऑनलाइन होते, त्यातून 14 अंकी नंबर मिळते. तो नंबर पाकिटावर पाहिजे, सोबत गटाचं नाव, पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, कधी पॅक केलं ते, आणि शाकाहारी असल्याचा हिरवा ठिपका. नोंदणीसाठी दोन हजार, पाच हजार मागणारे एजंट तालुक्याला बसलेले असतात, सरकारी फी काय ते आधी पोर्टलवर पाहून घ्या. गटात कॉलेजची एखादी पोरगी असेल तर ती एका दुपारी भरून देईल.

प्रश्न : मी चांदूर बाजारकडचा, लाकडी घाण्याचं तेल काढतो. मोठ्या ऑनलाइन साइटवर टाकायला गेलो तर जीएसटी नंबर मागते. सीए म्हणतात घ्यावाच लागेल. माझी उलाढाल तर फार नाही.

उत्तर : भाऊ, सीए अर्धे बरोबर आहेत. आधी तसंच होतं, पण 1 ऑक्टोबर 2023 पासून माल विकणाऱ्या छोट्यांना सूट आहे. वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल आणि माल फक्त आपल्याच राज्यात विकणार असाल तर जीएसटी पोर्टलवर पॅनवरून एनरोलमेंट नंबर काढता येते, त्यावर साइटवर विकता येते. ती साइट असा नंबर घेते का तेवढं आधी विचारा. मेख इथं आहे की तुमच्याकडून बैतूल पुण्यापेक्षा कितीतरी जवळ, तिकडं मराठी गिऱ्हाईकही आहे, पण बैतूल म्हणजे मध्य प्रदेश. एक बाटली जरी तिकडं विकली तरी पूर्ण जीएसटी नोंदणी लागते, उलाढाल किती का असेना. तिकडचं गिऱ्हाईक सोडवत नसेल तर सरळ नोंदणीच करा. आणि खुलं तेल विकायला बंदी आहे, म्हणून सीलबंद बाटलीच, झाकणाखाली फॉइलचं सील मारून, नाहीतर एक बाटली गळली की बाकीच्यांची पार्सलं पण तेलकट होतात आणि कुरिअरवाला पुढच्या वेळी तुम्हाला पाहूनच तोंड फिरवते.

प्रश्न : एकाने फोन केला, मिलिटरी कँटीनसाठी 20 किलो तिखट पाहिजे, ॲडव्हान्स पाठवतो म्हणून क्यूआर पाठवला, स्कॅन करून पिन टाकला तर माझेच 8 हजार गेले. तिखट दळून तयार आहे. आता काय?

उत्तर : पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, फक्त द्यायलाच लागते. मिलिटरीच्या नावानं हा फसवायचा प्रकार जुना आहे, लाजू नका, शिकलेले लोकही फसतात. 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरवर आत्ताच फोन करा, बँकेलाही कळवा, जितकं लवकर तितकी पैसे अडवले जायची आशा जास्त. क्यूआरचा आणि चॅटचा स्क्रीनशॉट डिलीट करू नका. आणि ते 20 किलो तिखट घाईनं कमी भावात काढू नका, कोरड्या डब्यात भरून मधे मधे हिंगाचे खडे टाकून ठेवा, झाकण घट्ट लावा, अर्धा अर्धा किलोची पाकिटं करून हळूहळू जाईल ते.