उत्तेजक, अंमली की पूरक? बेसबॉलच्या बातमीतले शब्द

अमेरिकेतल्या बेसबॉलवर मराठीत लेख लिहिणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. स्टेरॉइड वगैरेंना 'उत्तेजक द्रव्ये' म्हणावे की 'अंमली पदार्थ'? सोबत त्यांच्या मसुद्यातले एक वाक्य आहे: 'उत्तेजक चाचणीत दोषी ठरलेला बॅरी बाँड्स हॉल ऑफ फेमला मुकला, निष्कलंक डेव्हिड ऑर्टिझला मात्र पहिल्याच वर्षी प्रवेश मिळाला.' (दोघेही नामांकित फलंदाज; हॉल ऑफ फेम म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचे सन्मानदालन.)

'अंमली' आधी बाजूला काढू. अंमल म्हणजे सत्ता, ताबा. जो पदार्थ माणसावर अंमल चढवतो तो अंमली. १९८५ मध्ये पिट्सबर्गला कोकेनचे खटले चालले आणि त्यांत बेसबॉलपटूंच्या साक्षी झाल्या, त्याबद्दल लिहिताना हा शब्द चपखल आहे. स्टेरॉइडने धुंदी येत नाही. इंग्रजीत औषध, कोकेन आणि स्टेरॉइड या तिन्हींना 'ड्रग' चालते म्हणून आपणही तिन्ही एकाच टोपलीत टाकायचे कारण नाही.

'उत्तेजक'चा गुंता मोठा आहे. मुळात संस्कृत 'तिज्' हा धातू, म्हणजे धार लावणे. मराठीत हा शब्द अगदी सोज्वळ होता. पुण्यात ग्रंथोत्तेजक संस्था निघाली, वक्तृत्वोत्तेजक सभा निघाली. शाळेतले उत्तेजनार्थ बक्षीस तर आपल्यापैकी अनेकांनी घेतले असेल. शरीराच्या संदर्भात जे मज्जासंस्थेला चेतवते, झोप उडवते, थकवा जाणवू देत नाही, ते उत्तेजक. ॲम्फेटामीन हे असे द्रव्य. स्टेरॉइडचे काम वेगळे: ते स्नायू वाढवते, कसून व्यायाम केल्यावर शरीर लवकर भरून आणते, आणि हा परिणाम आठवड्यामागून आठवडे हळूहळू दिसतो. आपल्या वृत्तपत्रांनी 'डोपिंग'ला सरसकट 'उत्तेजक' हा शब्द रूढ केला. एरवी मी त्यावर वाद घातला नसता. बेसबॉलच्या बाबतीत मात्र या एका शब्दाखाली मूळ गोष्टच झाकली जाते.

कारण बेसबॉलमध्ये खरीखुरी उत्तेजके होती, आणि त्यांच्याविषयी तिथल्या पत्रकारांनी फारसा आवाज केला नाही. ॲम्फेटामीनच्या गोळ्यांना खेळाडू 'ग्रीनी' म्हणत, हिरवी गोळी. जिम बाउटन या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने, १९७० मध्ये आपल्या पुस्तकात या गोळ्यांबद्दल उघडपणे लिहिले, तेव्हा न्यूयॉर्कच्या एका नामांकित क्रीडास्तंभलेखकाने गोळ्यांचा पिच्छा पुरवायचा सोडून लिहिणाऱ्यालाच वाळीत टाकण्याची भाषा केली. आपण एकदा अशी गोळी घेतल्याचे हँक ॲरन या थोर फलंदाजाने स्वतः सांगितले आहे. त्याने त्याचे मोठेपण उणावत नाही, उणावूही नये. पण या गोळ्यांवर अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल लीगने बंदी घालून चाचणी सुरू केली ती थेट २००६ मध्ये, आणि तोवरच्या दशकांना कोणी 'उत्तेजक युग' म्हटले नाही. 'स्टेरॉइड युग' हा शब्द मात्र सर्वतोमुखी आहे. म्हणजे आपला 'उत्तेजक' नेमका बसतो तो ज्यांना सांभाळून घेतले गेले त्या गोळ्यांना, आणि आपण तो वापरतो ज्यांच्यावर रान उठले त्या इंजेक्शनांसाठी.

स्टेरॉइडच्या बाबतीतही रान लगेच उठले नव्हते. १९९८ च्या उन्हाळ्यात मार्क मग्वायर आणि सॅमी सोसा यांच्यात रॉजर मॅरिसचा एका मोसमातल्या ६१ होम रनचा (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवण्याचा) विक्रम मोडण्याची शर्यत लागली होती. असोसिएटेड प्रेसच्या स्टीव्ह विल्स्टाइनला मग्वायरच्या लॉकरमध्ये अँड्रोस्टेनडायोन या स्टेरॉइडसदृश द्रव्याची बाटली दिसली आणि त्याने बातमी दिली. ऑलिंपिकमध्ये तेव्हा या द्रव्यावर बंदी होती, बेसबॉलमध्ये नव्हती, आणि दुकानात ते 'पूरक आहार' म्हणून मिळत होते. संघाचा व्यवस्थापक टोनी ला रुसा बातमीदारावरच भडकला, आणि कित्येक स्तंभलेखकांनीही दुसऱ्याच्या लॉकरमध्ये डोकावल्याचा ठपका विल्स्टाइनवर ठेवला. 'पूरक' हा निरुपद्रवी शब्द त्या मोसमभर पुरला. मग्वायरने ७० होम रन मारले. स्टेरॉइड घेतल्याची कबुली त्याने दिली ती २०१० मध्ये.

बाँड्सला असा मऊ शब्द कोणी दिला नाही. २००१ च्या एका मोसमात त्याने ७३ होम रन मारले, २००७ मध्ये ॲरनचा संपूर्ण कारकिर्दीतला ७५५ चा विक्रम मागे टाकला. पत्रकारांशी त्याचे कधीच जमले नाही, आणि हॉल ऑफ फेमसाठी मते देतात ते पत्रकारच. ऑर्टिझ त्यांचा लाडका. माझे मत विचाराल तर बाँड्सविरुद्धचा पुरावा ऑर्टिझविरुद्धच्या पुराव्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) बाँड्सने स्टेरॉइड असलेले एक मलम आणि थेंब वापरल्याचे मान्य केले होते, फक्त आपल्याला ते सांधेदुखीचे मलम आणि जवसाचे तेल वाटले, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून मी त्याची वकिली करत नाही. माझी तक्रार तुमच्या वाक्यातल्या दोन विशेषणांबद्दल आहे.

'चाचणीत दोषी' हा प्रयोग मराठी क्रीडापानांवर रोज दिसतो, तरी तो चुकीचाच. चाचणीत द्रव्य आढळते किंवा आढळत नाही. दोषी ठरवते ते न्यायालय किंवा शिस्तपालन समिती. बाँड्सला लीगने द्रव्यांपायी कधीच निलंबित केले नाही. त्याच्यावर खटला झाला तो शपथेवर खोटे बोलल्याचा आणि न्यायात अडथळा आणल्याचा. त्यातली २०११ ची एकमेव दोषसिद्धी २०१५ मध्ये रद्द झाली. आणि 'निष्कलंक'? २००३ च्या गुप्त पाहणी-चाचणीत ज्यांच्या नमुन्यांत काही आढळले त्या यादीत ऑर्टिझचे नाव असल्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्सने २००९ मध्ये दिली. त्या चाचणीच्या विश्वासार्हतेवर पुढे खुद्द लीगच्या आयुक्तांनीच शंका घेतली. तेव्हा त्याला कलंकित म्हणू नका, पण निष्कलंकही म्हणू नका.

मराठीत यासाठी उत्तम सोय आहे. 'घेतले', 'घेतल्याचे कबूल केले', 'घेतल्याचा आरोप आहे', 'घेतले असावे' या चार पायऱ्या आपल्या क्रियापदातच आहेत; ज्याची जी पायरी असेल ती त्याला द्यावी. द्रव्य ठाऊक असेल तर त्याचे नावच लिहावे. अनेकांचा एकत्र उल्लेख असेल तर 'प्रतिबंधित द्रव्ये' चालेल, पण त्या वर्षी त्या खेळात खरोखर बंदी असेल तरच.

तुमचे वाक्य मी असे लिहीन: 'स्टेरॉइड घेतल्याचा आरोप असलेल्या बॅरी बाँड्सला २०२२ मध्ये, पत्रकारांच्या मतदानातल्या त्याच्या दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, ६६ टक्के मते पडली आणि ७५ टक्क्यांची अट पुरी झाली नाही; २००३ च्या यादीत नाव असल्याची बातमी आलेल्या डेव्हिड ऑर्टिझला त्याच मतदारांनी पहिल्याच वर्षी ७७.९ टक्के मते दिली.'