पसाऱ्यापायी टू बीएचके घ्यायच्या आधी पॉलिसीचं दुसरं पान वाचा

ठाण्याला मानपाड्याजवळ राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. नाव नको म्हणाल्यात, म्हणून ताईच म्हणतो. वय ३८, शाळेत शिकवतात, हातात ४८ हजार येतात. नवरा ४१, ऐरोलीला आयटीत, हातात ९५ हजार. मुलगी तिसरीत. ४१० कार्पेटचा वन बीएचके, लोन १६ लाख बाकी, हप्ता २१ हजार. पत्रातला मुख्य भाग असा:

"सर, आमच्याकडे पैशांवरून भांडण कधी होत नाही, वस्तूंवरून होतं. हे टीव्हीचं खोकंसुद्धा टाकू देत नाहीत, वॉरंटीला लागेल म्हणतात, वॉरंटी संपून चार वर्षं झाली. ट्रेडमिलवर कपडे वाळतात. मी काही काढायला गेले की लगेच माझ्या आईची पितळेची भांडी आणि रुखवताची खोकी दाखवतात. पॅसेजमधल्या सायकलींवरून सोसायटीची नोटीस आली तेव्हा आम्ही दोन दिवस बोलत नव्हतो. आता तीन पर्याय डोक्यात आहेत. एक, हे घर विकून कासारवडवलीच्या पुढे टू बीएचके, १ कोटी १५ लाख, अंडर कन्स्ट्रक्शन. दोन, महिना ३,५०० भाड्याने स्टोरेज घेऊन सामान तिकडे टाकायचं. तीन, साडेचार लाखाचं मॉड्युलर फर्निचर, पर्सनल लोनवर. टू बीएचकेचा हप्ता जड जाईल पण फार चिंता नाही कारण २०३३ ला आमच्या दोन पॉलिसींचे मिळून ५८ लाख येतील, त्यात लोन संपेल. टर्म इन्शुरन्स घेतलेला नाही, त्यात पैसे परत मिळत नाहीत. तर यातलं कुठलं करावं?"

सोबत खर्चाचा कागद आणि पॉलिसींचे फोटो पाठवलेत. हे बरं केलंत, कारण खरी गोष्ट फोटोत आहे.

ताई, आधी तुम्ही विचारलंय ते उरकतो. टू बीएचके १ कोटी १५ लाखाचा नसतो. अंडर कन्स्ट्रक्शन म्हणजे ५ टक्के जीएसटी, पावणेसहा लाख. स्टॅम्प ड्युटी ७ टक्के धरा, आठ लाख. रजिस्ट्रेशन तीस हजार. झाले १ कोटी २९ लाख, पार्किंग आणि सोसायटीचं डिपॉझिट अजून धरलेलंच नाही. तुमचं घर ७२ लाखाला जाईल म्हणता, त्यातून जुनं लोन आणि ब्रोकरेज गेलं की हातात ५५. म्हणजे नवं लोन ७४-७५ लाख, ८ टक्क्यांनी वीस वर्षं, हप्ता ६३ हजारांच्या आसपास. आज २१ भरताय. आणि मिळतं काय, तर ४१० चे ५९० होतात, १८० स्क्वेअर फूट जास्त, त्यासाठी ५७ लाख, म्हणजे फुटाला बत्तीस हजार. त्या खोक्यांना एवढ्या भावाची जागा कोण देतं? बरं, ताबा २०२८ च्या शेवटी असं बिल्डरचा माणूस सांगतो (महारेरा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, त्यांच्या साइटवर प्रोजेक्टची तारीख स्वतः बघा, त्याच्या तोंडावर जाऊ नका). पण डाऊन पेमेंटसाठी राहतं घर आधी विकणार, म्हणजे ताबा मिळेपर्यंत तुम्ही भाड्याच्या वन बीएचकेत, याच सगळ्या सामानासकट, भाडं आणि लोनचं व्याज दोन्ही भरत. मेट्रो ४ सुरू झाली की रेट दुप्पट होतील असं ब्रोकर म्हणाला ना? घोडबंदर रोडवर मेट्रोचे खांब उभे राहून वर्षं झाली, ते बिल्डरलाही दिसतात, त्याने भावात ते कधीच धरलंय. तेव्हा टू बीएचके नको, निदान आत्ता नको.

स्टोरेजचं सांगतो. ३,५०० म्हणजे वर्षाला ४२ हजार, टेम्पो आणि हमाली वेगळी. तिकडे काय ठेवणार ती तुमची यादी वाचली: ट्रेडमिल, दोन बंद लॅपटॉप, सायकली, खोकी, जुना सोफा. सगळं विकायला काढलंत तर चाळीस हजार तरी येतील का? मग वर्षाला तेवढंच भाडं कशाला भरायचं? आणि फर्निचर, साडेचार लाख १३ टक्क्यांनी तीन वर्षं, हप्ता १५ हजार दोनशे, व्याज जवळपास ९६ हजार. तेही नको.

आता तुम्ही न विचारलेलं.

पहिल्या पॉलिसीच्या फोटोत दुसऱ्या पानावर एक छोटा तक्ता आहे. प्रीमियम पेमेंट टर्म १२ वर्षं. त्याच्याच शेजारी पॉलिसी टर्म २० वर्षं. सुरुवात मार्च २०२१. म्हणजे २०३३ ला फक्त तुमचं भरणं संपलेलं असेल. पैसे येतात २०४१ ला. ज्या ५८ लाखांवर तुम्ही ७५ लाखांचं लोन काढायला निघालात ते तुम्ही धरलेल्या वर्षाच्या आठ वर्षं नंतर येणारेत, तोवर मुलीची बारावी, ॲडमिशन, डिग्री सगळं होऊन गेलेलं असेल. आणि त्यातही ५८ च्या आकड्यात गॅरंटीड किती आणि बोनस धरून किती हे बेनिफिट इलस्ट्रेशनमध्ये, म्हणजे पॉलिसीत काय मिळेल त्याच्या तक्त्यात, वेगवेगळं लिहिलेलं असतं, ते काढून बघा, पूर्ण ५८ गॅरंटीड निघाले तर मला आश्चर्य वाटेल.

तुम्ही लिहिलंय की बँकेत एफडी रिन्यू करायला गेला होतात आणि तिथल्या रिलेशनशिप मॅनेजरने "एफडीसारखंच आहे, बारा वर्षांत डबल" असं सांगून दोघांच्या नावाने एकेक लावून दिली. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता संताप पण येत नाही, म्हणजे येतो, पण लिहून उपयोग नाही. डबल बिबल काही नाही. वर्षाला २ लाख ४० हजार, बारा वर्षं, एकूण २८ लाख ८० हजार भरायचे आणि विसाव्या वर्षी ५८ मिळायचे, हे पावणेपाच-पाच टक्के पडतात. ज्या एफडीतून उचलून इकडे टाकले ती काही यापेक्षा वाईट नव्हती आणि हवी तेव्हा मोडता तरी येत होती. टॅक्स वाचतो म्हणाल तर दोघंही नव्या टॅक्स रेजीममध्ये आहात, तिथे ८०सीची वजावट मिळतच नाही.

पण रिटर्न कमी हे माझं मोठं दुखणं नाही. कव्हर बघा. सम अशुअर्ड, म्हणजे विम्याची रक्कम, बारा लाख. वर्षाला साडेअकरा लाख घरात आणणारा माणूस आणि त्याच्यामागे विमा बारा लाखाचा, म्हणजे एक वर्षाचा पगार. उद्या त्यांना काही झालं, (लिहायला मलाही बरं वाटत नाही पण लिहायलाच हवं), तर त्या बारा लाखात होम लोनसुद्धा फिटत नाही, चार लाख कमीच पडतात. मग तुमच्या ४८ हजारात हप्ता, मुलीची शाळा, चिपळूणला सासू-सासऱ्यांना जाणारे दहा हजार, आणि घर. बँकेत शिल्लक १ लाख ८०. आणि महिन्याला २० हजार पॉलिसीवर जातात म्हणून टर्म परवडत नाही असं तुमच्या कागदावर लिहिलंय! टर्म म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा विमा, त्यात एरवी पैसे परत मिळत नाहीत हे बरोबर आहे, आणि ते मिळू नयेत अशीच इच्छा धरायची असते. स्कूटरचा इन्शुरन्स दरवर्षी भरता, ॲक्सिडेंट झाला नाही म्हणून कंपनीकडे पैसे परत मागायला जाता का?

तर क्रम असा लावा, आणि क्रम मोडू नका. आधी टर्म. त्यांच्यासाठी सव्वा ते दीड कोटी, साठीपर्यंत. तुमच्यासाठी पन्नास-पाऊणशे लाख, तुमचा पगारही घर चालवतो, हे बायका स्वतःच विसरतात. त्यांचं वय आणि शुगर बॉर्डरवर आहे ते धरून कोटीला वर्षाचे पंचवीस-तीस हजार धरून चला, कोटेशन तीन-चार कंपन्यांचं काढा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्याच्या प्रीमियमवर जीएसटी नाही, तेवढं स्वस्त झालंय. फॉर्ममध्ये शुगर लिहायची. एजंट म्हणेल कशाला लिहिता, उगाच मेडिकल लागेल. लागू दे. लपवलं तर क्लेमच्या वेळी त्रास तुम्हाला होणार, तो एजंट तोवर दुसरीकडे असेल. आणि त्यांची पॉलिसी घेतानाच मॅरिड वुमन्स प्रॉपर्टी ॲक्टखाली घ्या, हा १८७४ चा कायदा आहे, त्यामुळे ती रक्कम तुमची आणि मुलीची राहते, त्यांच्या कर्जवाल्यांना त्यावर हात टाकता येत नाही. नंतर हे जोडता येत नाही, घेतानाच टिक करायचं असतं.

टर्मची पॉलिसी हातात आल्यावरच जुन्यांकडे वळायचं, त्याआधी नाही, कारण जुनी थांबवली की तिचं कव्हरही कमी होतं.

जुन्यांचं काय, तर तीन रस्ते. आजवर पाच हप्ते गेलेत, बारा लाख. सरेंडर केलंत, म्हणजे मुदतीआधीच मोडलीत, तर अंदाजे निम्मे मिळतील, सहा लाखांच्या आसपास. फोनवर तुमचे मिस्टर म्हणाले की "फेकून देऊ सर, सहा तर सहा". थांबा. दुसरा रस्ता पेड-अप, म्हणजे पुढे भरायचं नाही, पॉलिसी बारीक होऊन पडून राहते आणि २०४१ ला जे बसेल ते मिळतं. बारापैकी पाच हप्ते, म्हणजे ५८ च्या हिशोबात चोवीस लाख होतात, पण पुढचे बोनस बंद होतात वगैरे धरून वीसच पकडा. आज सहा लाख घेऊन पंधरा वर्षांत वीस करायचे तर जवळपास साडेआठ टक्के दरवर्षी लागतात, तेही न चुकता, आणि खरं सांगू का, तुमच्या घरात सहा लाख रोख आले तर ते मॉड्युलर किचनमध्ये जातील. म्हणून माझं मत पेड-अप. कंपनीकडून सरेंडर आणि पेड-अप दोन्हीचे आकडे ईमेलवर लेखी मागवा, माझा आकडा ढोबळ आहे, त्यांचा वीसच्या ऐवजी चौदा निघाला तर मत बदलेल.

तिसरा रस्ता, चालू ठेवणं. इथे मला कंपनीच्या बाजूने एक गोष्ट सांगावी लागेल. उरलेले सात हप्ते, १६ लाख ८० हजार, भरत राहिलात तर २०४१ ला पेड-अपपेक्षा ३८ लाख जास्त मिळतात. तेच दोघांच्या पीपीएफमध्ये टाकले तर आजच्या ७.१ टक्क्यांनी साडेअडतीस होतात. म्हणजे सारखंच! ज्याचं कव्हर पुरेसं आहे, सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे, त्याला मी म्हटलं असतं, झालं ते झालं, भरत राहा. तुमच्याकडे दोन्ही नाही. मार्चचा हप्ता वाचतो त्यातून दोघांच्या टर्मचे पन्नास-साठ हजार जातील, उरलेले रिकरिंगमध्ये, पाच लाख साठेपर्यंत दुसरं काही नाही. नंतर पीपीएफ, एसआयपी काय ते बोलू. हेल्थ इन्शुरन्सही फक्त कंपनीचाच दिसतोय, नोकरी गेली की तो पण गेला, स्वतःचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एक पॉलिसी, या वर्षातच घ्या.

तक्रार करायची का? फ्री लुकची, म्हणजे पॉलिसी नको म्हणून परत करायची, मुदत (तेव्हा कागदी पॉलिसीला १५ दिवस, आता ३०) केव्हाच गेली. तरी त्या मॅनेजरने चिठ्ठीवर "२०३३ - ५८ लाख" असं हाताने लिहून दिलेलं आहे, तो फोटो मी बघितला, तो जपून ठेवा. आधी बँकेला आणि विमा कंपनीला लेखी द्या, उत्तर समाधानकारक नसेल तर विमा नियामकाचं बिमा भरोसा पोर्टल, मग विमा लोकपाल. पाच वर्षांनी सगळे पैसे परत मिळतील अशी आशा मी लावणार नाही, पण एक ईमेल लिहायला काय जातं.

राहिला पसारा. मी समुपदेशक नाही, पण तुमच्या कागदावर एक ओळ आहे, "कार्ड ईएमआय ६,०००". विचारलं तेव्हा कळलं ट्रेडमिल, एअर फ्रायर आणि रोबोट व्हॅक्यूम. म्हणजे ज्यावरून भांडताय त्याचे हप्ते अजून चालूच आहेत, त्यात "नो कॉस्ट" असूनही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी जातोच. हे तिन्ही संपेपर्यंत कार्डावर नवीन काही नाही, दोघांनीही, आणि मिस्टरांनी मला फोनवर हो म्हटलंय, साक्षीदार मी आहे. पैशांवरून भांडण होत नाही म्हणता ते इथेच नाही का होत?

बाकी सुताराकडून बेडरूमच्या दारावर लॉफ्ट आणि बाल्कनीत शटरचं कपाट करून घ्या, तीस हजारांच्या आत बसवा, रोखीने, लोनने नाही. त्यात एक खण तुमचा, एक त्यांचा, एक मुलीचा. ज्याने त्याने फक्त स्वतःच्या वस्तू काढायच्या, दुसऱ्याच्या नाही, माझ्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत भांडण नेमकं तिथेच होतं. पितळेची भांडी ठेवा, पितळ वजनावर आजही जातं आणि आईची आहेत, तो विषय मी बंद करतो. रुखवताचं मात्र बघा बाई, पंधरा वर्षं खोक्यात आहे म्हणता. लॅपटॉप ई-कचऱ्यात द्यायच्या आधी डेटा पुसा. सायकली आठवडाभरात पॅसेजमधून हलवा, आग लागली तर पळायची वाट तीच असते, सोसायटीची तिथे चूक नाही.

आणि हो, दुसऱ्या पॉलिसीच्या फोटोत दुसरं पान अर्धंच आलंय, मुदतींचा तक्ता कापला गेलाय. ती पण १२ आणि २० च आहे असं धरून वरचा सगळा हिशोब केलाय. तेवढा फोटो परत पाठवा, मार्चचा हप्ता ऑटो डेबिट आहे का तेही बँकेत विचारून कळवा.