वाचकांचे प्रश्न : मर्जरच्या केसमध्ये गुण जातात कुठे?

कॉलेजांच्या फेस्टचा मोसम सुरू झाला की फायनान्सच्या स्पर्धांवरचे, विशेषतः कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या (मर्जरच्या) केसवरचे प्रश्न एकदम वाढतात. आलेल्यांपैकी सात इथे घेतले आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी माटुंग्याला बी.ए.एफ.च्या (अकाउंटिंग आणि फायनान्सच्या पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. मॉक ट्रेडिंग, स्टॉक पिच आणि एम अँड ए (कंपन्यांचं विलीनीकरण आणि खरेदी) केस अशा तीन स्पर्धा दिसतात. सुरुवात कशाने करू?

मॉक ट्रेडिंगला, म्हणजे खोट्या पैशांच्या शेअर खरेदी-विक्रीला, एका संध्याकाळची मजा म्हणून जा. तिथे गोंगाट जास्त आणि शिकणं कमी. स्टॉक पिचमध्ये एकच कंपनी घेऊन शेअर घ्यावा, ठेवावा की विकावा हे ठामपणे सांगायचं असतं. सीएफए इन्स्टिट्यूटचं रिसर्च चॅलेंज हा या प्रकाराचा सर्वांत शिस्तीचा नमुना आहे. तीन ते पाच जणांचा संघ, परिशिष्टं सोडून दहा पानांचा अहवाल, दहा मिनिटांचं सादरीकरण आणि त्यानंतर दहा मिनिटं प्रश्नांचा मारा.

एम अँड ए केसमध्ये तुम्ही बँकर असता आणि समोर ग्राहक. ही कंपनी घ्यावी का, कितीला, पैसे कुठून उभे करायचे, आणि समोरचा प्रवर्तक नाही म्हणाला तर काय? त्यात मूल्यांकन येतंच, वर व्यवहाराची रचना, कर आणि सेबीचे नियमही येतात. म्हणून आधी एक-दोन स्टॉक पिच करा. नफातोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाह ही तीन पत्रकं एकमेकांशी जोडता येईपर्यंत मर्जरच्या केसला हात घालू नका. बऱ्याच स्पर्धांची नोंदणी अनस्टॉप या संकेतस्थळावर होते. पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रवेश आहे की फक्त एमबीएवाल्यांना, हे संघ जमवण्याआधी पाहा.

प्रश्न : मर्जरनंतर पहिल्याच वर्षी ईपीएस (दर शेअरमागचा नफा) वाढतो, असं आम्ही दाखवलं. परीक्षक म्हणाले, 'मग काय?' आमचं चुकलं कुठे? (अंधेरीचा एक संघ)

आकडे बरोबर असतील, पण ईपीएस वाढण्याला तुम्ही व्यवहार फायद्याचा असल्याचा पुरावा मानलंत. तो पुरावा नाही, नुसता हिशेब आहे. एक उदाहरण घेऊ.

'अ' कंपनीचा निव्वळ नफा 600 कोटी, शेअर 30 कोटी, ईपीएस 20 रुपये, भाव 500, म्हणजे पीई (भाव भागिले ईपीएस) 25. 'ब' कंपनीचा नफा 150 कोटी, शेअर 10 कोटी, ईपीएस 15, भाव 300, म्हणजे पीई 20. आता 'अ'ने आपले शेअर देऊन 'ब' आजच्याच भावाला घेतली असं धरा. बाजारमूल्य 3,000 कोटी, म्हणून नवे शेअर 6 कोटी. एकत्र नफा 750 कोटी, भागिले 36 कोटी शेअर, म्हणजे ईपीएस 20.83. वाढ चार टक्क्यांची. एक रुपयाही नवा निर्माण झाला नाही, तरी ईपीएस वाढला; कारण 25 पीईच्या कंपनीने 20 पीईची कंपनी घेतली. परीक्षकाच्या 'मग काय'चा अर्थ एवढाच.

प्रत्यक्षात आजच्या भावाला कोणी विकत नाही. 30 टक्के प्रीमियम धरा. भाव 390, किंमत 3,900 कोटी, नवे शेअर 7.8 कोटी. ईपीएस आता 19.84, म्हणजे किंचित घट. ही घट भरून काढायला करानंतर 6 कोटींची सिनर्जी (एकत्र आल्याने दर वर्षी होणारी बचत किंवा जादा कमाई) पुरते, 25.17 टक्के कर धरला तर करापूर्वी साधारण 8 कोटी. इथपर्यंत येऊन बहुतेक संघ 'ब्रेक-ईव्हन सहज गाठता येतो' अशी स्लाइड टाकतात आणि इथेच फसतात.

कारण प्रीमियम 900 कोटींचा दिला आहे. 'अ'च्या भागधारकांचं मूल्य जागच्या जागी राहायला सिनर्जीचं आजचं मूल्यही 900 कोटी हवं. एकत्र कंपनी 18,900 कोटींची असेल, तरच त्यातल्या 30 कोटी शेअरचा वाटा पुन्हा 15,000 कोटी होतो; करून पाहा. आता 12 टक्के दराने, वाढ न धरता, 900 कोटींसाठी दर वर्षी करानंतर 108 कोटी लागतात. करापूर्वी ते 144 कोटी होतात, आणि एकत्रीकरणाचा एकदाच होणारा खर्च याच्या वर. 'ब'चा सगळा निव्वळ नफाच 150 कोटींचा आहे. म्हणजे 8 कोटी कुठे आणि 144 कोटी कुठे! हे दोन आकडे एकाच स्लाइडवर शेजारी ठेवणारा संघ सहसा वेगळा उठून दिसतो, मग त्याची शिफारस 'घेऊ नका' अशी का असेना. 'घेऊ नका' किंवा '330 पर्यंतच घ्या' म्हणायला विद्यार्थी घाबरतात. ग्राहकाला तोच सल्ला हवा असतो.

कर्ज काढून हाच व्यवहार केला तर? 3,900 कोटींवर 9 टक्के व्याज म्हणजे 351 कोटी. कराची बचत धरून 263. ईपीएस थेट 16.24 वर येतो. स्वस्त डॉलर-कर्जावर बेतलेला अमेरिकी साचा जशाचा तसा उचलला की हे दिसत नाही. आणखी एक गोष्ट. भारतीय बँकांना शेअर खरेदीसाठी कर्ज द्यायला वर्षानुवर्षं जवळजवळ बंदीच होती. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2025 मध्ये हे दार उघडण्याची घोषणा केली. म्हणून 'बँकेचं कर्ज' असं लिहिण्यापूर्वी केसची तारीख आणि त्या तारखेचा नियम दोन्ही पाहा.

जाता जाता, स्वॅप रेशो, म्हणजे 'ब'च्या एका शेअरमागे 'अ'चे किती शेअर द्यायचे ते प्रमाण, 0.78 असा लिहून सोडू नका. तो पूर्णांकात द्या : 'ब'च्या 50 शेअरमागे 'अ'चे 39. एचडीएफसी बँकेच्या विलीनीकरणात एचडीएफसीच्या 25 शेअरमागे बँकेचे 42 शेअर होते, ते याच पद्धतीने.

प्रश्न : आम्ही प्रवर्तकाचा 40 टक्के हिस्सा विकत घेण्याचा सल्ला दिला. 'उरलेले पैसे कुठून आणणार?' असं परीक्षकांनी विचारलं. उरलेले म्हणजे कुठले? (चेंबूर)

ओपन ऑफरचे. सेबीच्या 2011 च्या टेकओव्हर नियमांनुसार शेअर बाजारात नोंदलेल्या (लिस्टेड) कंपनीत 25 टक्के किंवा त्याहून जास्त मतदानहक्क घेतले, की इतर भागधारकांना किमान आणखी 26 टक्क्यांसाठी ऑफर द्यावीच लागते. 25 च्या खाली राहूनही नियंत्रण हाती घेतलं तरी ऑफर लागते.

वरचंच उदाहरण घ्या. 390 ने 4 कोटी शेअर म्हणजे 1,560 कोटी. 26 टक्के, म्हणजे 2.6 कोटी शेअर, 1,014 कोटी. एकूण तयारी 2,574 कोटींची हवी, 1,560 ची नव्हे. शिवाय एस्क्रो, म्हणजे हमी म्हणून आधीच वेगळी ठेवायची रक्कम : ऑफरच्या पहिल्या 500 कोटींवर 25 टक्के आणि उरलेल्यावर 10 टक्के. म्हणजे 125 अधिक 51.4, एकूण 176.4 कोटी आधीच अडकतात. ऑफरचा भाव प्रवर्तकाला दिलेल्या भावापेक्षा कमी ठेवता येत नाही. नियमित व्यवहार होणाऱ्या शेअरचा मागच्या 60 ट्रेडिंग दिवसांचा भारित सरासरी भाव त्याहून जास्त असेल, तर तो धरावा लागतो.

हिस्सा 60 टक्के घेतलात, तर 26 मिळवून 86 होतात. प्रवर्तकांकडे 75 च्या वर राहता येत नाही, त्यामुळे जादा हिस्सा पुन्हा विकण्याची योजना स्लाइडवर हवी. याउलट, एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) मंजुरीने होणाऱ्या विलीनीकरणात लक्ष्य कंपनी स्वतः योजनेत सामील असेल, तर ओपन ऑफरमधून सूट मिळते. मात्र तिथे वेळ महिन्यांत मोजा, आठवड्यांत नाही. रोख आणि शेअर यांतून निवड करताना हा मुद्दा कित्येकदा व्याजदरापेक्षा जड भरतो.

प्रश्न : डीसीएफचा (पुढच्या रोख प्रवाहांच्या आजच्या मूल्यावरून काढलेला) भाव बाजारभावाच्या दुप्पट येतो. बाजार चुकतोय असं म्हणायचं का? (ठाणे)

आधी स्वतःची फाइल तपासा. सर्वांत नेहमीचा घोळ एककाचा. काही कंपन्या आकडे मिलियनमध्ये देतात, काही कोटीत. 8,500 मिलियन म्हणजे 850 कोटी. दुसरा घोळ टर्मिनल व्हॅल्यूचा, म्हणजे अंदाजाच्या शेवटच्या वर्षानंतरच्या सगळ्या काळाच्या मूल्याचा. 12 टक्के वॅक (भांडवलाचा भारित सरासरी खर्च) आणि 5 टक्के वाढ धरली तर शेवटच्या वर्षाच्या रोख प्रवाहाची 15 पट येते. वाढ 6 केली की 17.7 पट. एका टक्क्यात जवळजवळ अठरा टक्के मूल्य वाढलं! म्हणून सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे गृहीतक बदललं की मूल्य किती हलतं ते दाखवणारा, तक्ता लागतोच. त्याच शेवटच्या वर्षी कंपनी वाढतेय, पण भांडवली खर्च घसाऱ्यापेक्षा कमी दाखवलाय, असं तर नाही ना?

तिसरा घोळ भाडेकरारांचा, विशेषतः रिटेल आणि सिनेमागृहांच्या केसमध्ये. इंड एएस 116 हे भाडेकरारांचं हिशेब-मानक एप्रिल 2019 पासून लागू झाल्यावर दुकानाचं भाडं ईबिट्डाच्या (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्याच्या) वर दिसत नाही. ते घसारा आणि व्याजात जातं. ईबिट्डा फुगलेला घ्यायचा आणि कर्जात लीजची देणी धरायची नाहीत, हे चालत नाही. दोन्ही घ्या किंवा दोन्ही काढा.

आणि जोखीममुक्त दर म्हणून दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा रुपयातला दर घेतला असेल, तर त्यावर भारताचा देश-जोखीम प्रीमियम पुन्हा चढवू नका. यामुळे मूल्य उलट कमी येतं, पण चूक ती चूकच.

प्रश्न : चौघे चार टोकांना राहतो : विरार, कल्याण, पनवेल, दादर. केस मिळते आणि 72 तास असतात. काम कसं वाटावं?

पहिल्या सहा तासांत एक्सेल उघडू नका. चौघांनी केस वाचून शिफारस एका वाक्यात लिहा, किमतीसह. ती पुढे बदलेल, बदलू दे. त्यानंतर एक जण मॉडेल (एक्सेलमधला सगळा हिशेब), एक जण तुलनेच्या कंपन्या आणि जुने व्यवहार, एक जण नियम, कर आणि वित्तपुरवठा, आणि चौथा डेक, म्हणजे सादरीकरणाच्या स्लाइड. चौथ्याने पहिल्याच दिवशी रिकाम्या स्लाइडवर फक्त मथळे लिहायचे, आणि मथळा म्हणजे पूर्ण वाक्य. 'मूल्यांकन' हा मथळा नव्हे. '390 च्या वर गेल्यास सिनर्जी पुरत नाही' हा मथळा.

मॉडेलची फाइल एकाच्याच ताब्यात ठेवा. 'फायनल', 'फायनल नवी' आणि 'फायनल खरी' अशा तीन फाइली झाल्या की डेकमध्ये 390 आणि परिशिष्टात 385 येतंच. हातानं भरलेले आकडे निळे, सूत्रं काळी. ताळेबंद जुळतो का ते पाहणारी एक ओळ वर ठेवा; ती शून्यच हवी. सरासरी कर्जावर व्याज काढलंत तर फाइल स्वतःभोवती फिरू लागते. ते बंद करायला एक स्विच ठेवा, नाहीतर एका चुकीने सगळ्या पानावर त्रुटी पसरतात. शेवटचे बारा तास नवं काही जोडू नका. प्रत्येक स्लाइडवरचा आकडा मॉडेलशी ताडा आणि पीडीएफ दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहा.

प्रश्न : माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झालंय. इंग्रजी सादरीकरणात मी मागे पडेन का? (परळ)

उच्चारांनी सहसा गुण जात नाहीत, आकड्यावर अडखळल्याने जातात. '1,014 कोटी', '20.6 टक्के' असे पंधरा-वीस आकडे इंग्रजीत मोठ्याने म्हणण्याचा सराव करा. पाठ केलेला परिच्छेद विसरला की माणूस बुडतो. त्यापेक्षा लहान वाक्यं बरी. प्रश्नोत्तरांत आधी हो, नाही किंवा आकडा, मग कारण. संघातल्या सर्वांत सफाईदार वक्त्यापेक्षा ज्याने तो भाग केला त्यानेच उत्तर द्यावं.

प्रश्न : केसमधल्या कंपनीत माझा मावसभाऊ अकाउंट्समध्ये आहे. या तिमाहीचा अंदाज त्याला विचारला तर? (दहिसर)

विचारू नका. कंपनी लिस्टेड असेल तर जाहीर न झालेले निकाल ही सेबीच्या 2015 च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांखाली येणारी माहिती आहे. कायदेशीर गरज किंवा कर्तव्य नसताना ती देणाराही अडचणीत येतो आणि मागणाराही. तुम्ही एकही शेअर घेतला नसलात तरी. मावसभावाची नोकरी जाईल, ती वेगळीच. वार्षिक अहवाल, एक्स्चेंजवरच्या घोषणा, गुंतवणूकदारांबरोबरच्या कॉन्फरन्स कॉलचे उतारे आणि आयपीओ झाला असल्यास सेबीच्या संकेतस्थळावरचा मसुदा एवढं साहित्य पुरेसं आहे. कॉलच्या उताऱ्यात विश्लेषकांनी विचारलेले प्रश्न आधी वाचा. परीक्षकांचे प्रश्न बरेचदा तिथूनच येतात.