हेडर घेताना आवाज नाही, फ्लँज बघा

प्रश्न : माझ्याकडं 2002 ची होंडा सिटी व्हीटेक आहे, एमएच 24 पासिंग, इंजिन अजून कडक आहे. पण सकाळी थंड गाडी स्टार्ट केली की पुढून टकटक-फटफट आवाज येतो अन् गाडी तापली की बंद होतो. मेकॅनिक म्हणतो मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या भागाला, तडा गेलाय. आता जुन्या बाजारातला कास्टिंगचा (ओतीव लोखंडाचा) टाकू का स्टीलचा हेडर, म्हणजे पाइप वेल्ड करून केलेला मॅनिफोल्ड, घेऊ? मित्र म्हणायलेत 4-1 (चारही पाइप एकदम एकात) घे, कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून टाक, गाडी उडतीय. काय करू? – एक वाचक, लातूर

उत्तर : मेकॅनिकचं बरोबर असू शकतंय, पण आधी पॅकिंग बघायला सांगा, कारण पॅकिंग फुंकत असलं तरी हेच लक्षण असतंय, लोखंड तापून फुगलं की फट बुजते अन् आवाज गायब. थंड इंजिनवर, सुरू केल्या केल्या, साबणाचं पाणी जॉइंटवर मारा, बुडबुडे कुठून येतात ते दिसतंय. पाचशेच्या पॅकिंगमध्ये काम होत असेल तर हजारो रुपये कशाला घालायचे.

तडाच असेल तर हेडर घ्या, हरकत नाही, पण मित्रांचं ऐकून 4-1 घेऊ नका. 4-1 ची मजा वरच्या आरपीएमला, अन् तुम्ही चालवणार कुठं, तर गंजगोलाईच्या गर्दीत नाहीतर सोलापूर रोडला ट्रकच्या मागं. तिथं 4-2-1 (चाराचे आधी दोन, मग एक) बरा, खालून-मधून ओढतोय. दोन-चार घोडे वाढतील, पाठीला धक्का बसल असं काही नाही, जो तसं सांगतो तो विकायला बसलाय. आणि 4-2-1 म्हणून जे विकतात ते नीट बघून घ्या बरं का, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, 1-3-4-2 आहे म्हणून 1 अन् 4 चा पाइप एकत्र आला पाहिजे, 2 अन् 3 चा एकत्र. शेजारशेजारचे 1-2 आणि 3-4 जोडलेले दिसले की समजायचं, नुसतं दिसायला केलंय.

आता खरा मुद्दा फ्लँजचा, म्हणजे हेडरची जी जाड पट्टी इंजिनाला नटनं आवळतात तिचा. वेल्डिंगच्या उष्णतेनं फ्लँज वाकतो, आणि वाकलेला फ्लँज तुम्ही नट किती बी आवळा, बसत नाही. दुकानातच सरळ पट्टी फ्लँजवर आडवी धरा, उजेडाकडं करा, खालून उजेड दिसला की माल परत. घेऊन बसलाच असाल तर वाळूजला किंवा जालन्याला फेसिंग (तोंड घासून सपाट) करून देणारे सापडतात, वेल्डिंगनंतरच करून घ्या. जाडी 8 ते 10 मिलिमीटर हवी. 304 स्टेनलेस म्हणत असतील तर चुंबक लावा, सरळ पाइपला घट्ट चिकटला तर 304 नाही, 409 किंवा साधं लोखंड असेल. 409 वाईट नाही, पण 304 च्या भावात कशाला घ्यायचं? 304 गंजत नाही, मात्र तापला की कास्टिंगच्या साधारण दीडपट फुगतो, म्हणून जोड आर्गन वेल्डिंगचे हवेत अन् पुढं लवचीक बेलो (घड्यांचा पाइप) हवा, नाहीतर दोन उन्हाळ्यात कलेक्टरपाशी, म्हणजे पाइप एकत्र येतात तिथं, तडा.

काढताना घाई नको. 20 वर्षांचे स्टड (इंजिनाच्या हेडमध्ये बसवलेले बिनडोक्याचे बोल्ट) गंजलेले असतात, आदल्या दिवशी रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि इंजिन थंड असतानाच पाना लावा. स्टड हेडमध्ये तुटला तर लेथवाला, ड्रिल, टॅप, आटे गेले तर इन्सर्ट, मग सगळं बजेट तिकडंच जातंय. नवीन स्टड-नट टाका, पॅकिंग बहुपदरी स्टीलचं घ्या, मधून बाहेर अशा क्रमानं दोन-तीन फेऱ्यात मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, अन् गाडी दोन-चारदा तापून थंड झाली की परत एकदा चेक करा. हे शेवटचं फिटर सगळे विसरतात. या गाडीत मॅनिफोल्ड पुढं, रेडिएटरच्या बाजूला असतो, तर फॅनपासून अंतर बघा आणि कंपनीची उष्णतेची पत्र्याची ढाल फेकून देऊ नका, मे महिन्यात एसी लावून सिग्नलला उभं राहिल्यावर कळतंय ती कशासाठी होती. साध्या लोखंडाच्या हेडरला कापडी पट्टी गुंडाळायची हौस करू नका, ओल धरून आतून गंजतो.

धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी जरा जरी फट राहिली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ झालं, पेट्रोल कमी पडतंय, मग ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतं. म्हणजे हेडर टाकून अ‍ॅव्हरेज घटलं असं म्हणणाऱ्यांनी आधी फट शोधावी.

कॅट काढायचा विषयच काढू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) मध्ये प्रदूषण अन् आवाजाच्या उल्लंघनाला पहिल्यांदाच 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. वर तुमच्या गाडीला 15 वर्षं कधीच होऊन गेलीत, दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू करताना आरटीओसमोर उभी करायची आहे, पीयूसीचं काय सांगणार?

प्रश्न : 2020 नंतरची पोलो 1.0 टीएसआय घेतलीय, हिला कोणता मॅनिफोल्ड चांगला? – एक वाचक, नांदेड

उत्तर : कोणताच नाही. या इंजिनात मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो आणि टर्बो थेट हेडला बसतो, बदलायला वेगळं असं काही नाहीच. कोणी "मॅनिफोल्ड" म्हणून पाइप दाखवत असेल तर तो टर्बोच्या मागचा डाउनपाइप आहे, त्यात कॅट असतो अन् गाडी बीएस6 आहे. पैसे टायरला घाला.