बेळगाव महापालिका कोणता विषय आधी घ्यायचा हे कसं ठरवते?

तुमचा प्रश्न असा: महापालिका आपली धोरणं आणि सरकारकडच्या मागण्या यांचा क्रम कसा लावते, आणि त्यात सामान्य माणसाला काही बोलता येतं का? मी वडगावचा. कार्पोरेशनच्या बैठका आणि बजेट आवर्जून बघतो, म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट. महापालिका कायदे करत नाही. ती 1976 च्या कर्नाटक महानगरपालिका कायद्याखाली चालते. फार तर उपविधी, म्हणजे शहरापुरते नियम, करू शकते, आणि त्यालाही सरकारची मंजुरी लागते. बाकी सगळं ठरावावर. ठराव रद्द करायचा अधिकारही सरकारकडेच. 2005 साली सीमाप्रश्नावर ठराव झाला तेव्हा तर राज्य सरकारने अख्खी महापालिकाच बरखास्त केली होती. ते दिवस पाहिलेला माणूस ठरावाची ताकद आणि मर्यादा दोन्ही ओळखून असतो.

आता क्रम कसा लागतो ते. 58 नगरसेवक, एका वर्षापुरता महापौर आणि चार स्थायी समित्या. बजेट मांडते कर, अर्थ आणि अपील समिती. पण पैशाला आधीच वाटा पाडलेल्या असतात. पंधराव्या वित्त आयोगाने आपल्याएवढ्या शहरांना दिलेल्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. राज्याच्या नियमाप्रमाणे 24.10 टक्के रक्कम अनुसूचित जाती-जमातींसाठी राखायची. पगार, वीजबिलं, कचऱ्याचा ठेका हे सगळं वजा केल्यावर जे उरतं त्यावरच सभागृहात खरी ओढाताण चालते. त्यात महापौरपद वर्षाला बदलतं, त्यामुळे दोन-तीन वर्षं लागणारं काम मागे पडतं आणि गल्लीतलं गटार, पेव्हर्स, पथदिवे पुढे येतात. नगरसेवकाला तरी दोष किती द्यायचा? लोक त्याला हेच विचारतात.

बळ्ळारी नाल्याचं बघा. दर पावसाळ्यात गाळ आणि जलपर्णीने तो तुंबतो, पाणी आमच्या वडगाव-शहापूरच्या शिवारात शिरतं आणि उगवलेलं भात कुजून जातं. शेतकरी दुबार पेरणी करतात, तीही कधी कधी वाहून जाते. नाला शहराबाहेरही जातो, त्यामुळे एकट्या महापालिकेच्या बजेटात हे काम बसणारं नाही, राज्याचाच पैसा लागणार. म्हणजे हा विषय मागण्यांच्या यादीत पहिला हवा.

अशी यादी आपल्याकडे ठरवून होत नाही, हे माझं खरं दुखणं आहे. अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत राज्याचं अधिवेशन सुरू व्हायच्या आधी नगरसभा मागण्यांचा लेखी क्रम मंजूर करते आणि तो आपल्या भागातल्या आमदारांच्या हातात देते. आपल्याला तर याहून सोपं आहे. 2012 साली बेळगावात सुवर्ण विधानसौध, म्हणजे राज्य विधिमंडळाची इमारत, उभं राहिलं आणि हिवाळी अधिवेशन साधारण डिसेंबरात इथेच भरतं. सरकार आपल्या दारात येतं! शिवाय शहराचे आमदार-खासदार महापालिकेचे पदसिद्ध सदस्य आहेत, सभागृहात त्यांना मत आहे. नोव्हेंबरच्या सर्वसाधारण सभेत पाच मागण्या क्रमाने मंजूर करून घेतल्या तर त्याच सभेत बसलेल्या आमदारांना त्या टाळणं अवघड जाईल.

तुम्ही काय करू शकता? सभेच्या दिवशी गेटवर जाऊन काही होत नाही. विषयपत्रिका अधिकाऱ्यांच्या टिप्पणीवरून तयार होते, म्हणून त्याआधीच हालचाल करा. मागणी शहरभराची असेल तर ऑक्टोबरातच तुमच्या नगरसेवकाला आणि संबंधित स्थायी समितीच्या अध्यक्षांना अर्ज द्या. पैशाचा विषय असेल तर बजेटपूर्व सूचनांच्या बैठकीत तोंडी बोला आणि लेखीही द्या. निव्वळ 'रस्ता करा' असं लिहू नका. कुठून कुठपर्यंत, किती घरं, पाणी कुठे साचतं, हे लिहा आणि फोटो जोडा. इंजिनिअरला त्यावरून अंदाजपत्रक काढता आलं तर विषय पुढे सरकतो.

अर्ज मराठीत जरूर द्या, तो आपला हक्क आहे. सोबत कन्नड प्रतही जोडा, कारण टिप्पणी कन्नडमध्ये लिहिली जाते आणि लिहिणाऱ्याच्या हातात तुमचंच म्हणणं आयतं असलेलं बरं. आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका.