सुवर्णमहोत्सवाआधी भाता उघडून बघा

तुम्ही विचारलंय, गावातल्या ऑर्गनवादक संघटनेला ५० वर्षं होताहेत, सोहळा कसा करावा आणि प्रमुख पाहुणे कोण बोलवावेत. पाहुणे कुणीही बोलवा. आधी तुमचा ऑर्गन वाजतोय का ते बघा.

मी बेळगावचा. नाट्यसंगीताला पायपेटीची, म्हणजे पायाने भाता मारायच्या ऑर्गनची, साथ करणाऱ्या आमच्या लहानशा मंडळाचा रौप्यमहोत्सव ऐन श्रावणात ठरला. तीन बैठका झाल्या. पहिल्या दोन फलकावर कन्नड वर की मराठी वर यातच गेल्या (इथले असाल तर कळेल). तिसरी शाली, नारळ आणि स्मरणिकेच्या मागच्या पानावर कुणाची जाहिरात यात. ऑर्गन चार महिने प्लास्टिकच्या कागदाखाली होता. तो उघडा म्हणून मी दोनदा बोललो. सचिव म्हणाले, "बघू की हो, पळून जातोय काय?"

आदल्या संध्याकाळी कागद काढला तर उंदरांनी भात्याचं कापड कुरतडलेलं, मधल्या सप्तकातले चार सूर ओल धरून मुके, एक पट्टी दाबली की वरच येईना. पेटी दुरुस्त करणाऱ्या आमच्या मामांना बोलावलं. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. गुडघे दुखत होते तरी आले. आत बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "शाल पांघरून भाता भरतोय होय?" रात्री दोनपर्यंत बसून त्यांनी भाता शिवला, पट्टी मोकळी केली, दोन सूर बोलते केले. दोन राहिले.

पण सचिवांनी तोवर भाड्याचा कीबोर्ड आणून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पदं कीबोर्डावर झाली. ऑर्गन हार घालून कोपऱ्यात. मामा शेवटच्या रांगेत, सत्काराच्या यादीत त्यांचं नावच नव्हतं.

"कीबोर्डात ऑर्गनचा आवाज असतोच की," हे सचिव आजही म्हणतात. आवाज असेल हो. ऑर्गनचा भाता हवा आत ओढतो, हातपेटीसारखी बाहेर ढकलत नाही, म्हणून सूर मऊ येतो. पाय भात्यावर, त्यामुळे दोन्ही हात मोकळे, आणि गायकाचा दम कमी झाला की पायाचा दाबही कमी करता येतो. भाड्याच्या डब्यात तो दाब कुठनं आणणार?

अण्णासाहेब किर्लोस्करांचं जन्मगाव गुर्लहोसूर याच जिल्ह्यात. पंडित रामभाऊ विजापुरे यांनी पेटी शिकवली ती याच शहरात. आणि आम्ही रौप्यमहोत्सवाला कीबोर्ड भाड्याने आणला! रेडिओने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीवर बंदी घातली, तिने पेटी मेली नाही. बेळगावचा पाऊस आणि उंदीर मात्र मारतात.

तेव्हा दुरुस्ती तीन महिने आधी. पावसाळ्यात रोज थोडा वेळ वाजवा. एका सत्रात गायक नकोच, नुसता ऑर्गन. पहिला सत्कार दुरुस्ती करणाऱ्याचा, आणि खुर्ची मंचावर. फलक कुणी कसाही लिहू दे.

देणगीदार लागतात, त्यांना शाली द्याव्याच लागतात, हे मान्य. आमच्या सचिवांनी वर्गणीसाठी खरंच चपला झिजवल्या, तेही सांगायला हवं. कीबोर्डाचं मात्र चुकलंच.

ऑर्गन हल्ली माझ्या घरी असतो. ते दोन सूर नंतर मामांनीच बसवून दिले. सचिवांनी हे वाचलं तर रविवारी यावं, येताना कीबोर्डही आणावा.